गुऱ्हाळातलं जर्मल

पाडवा होऊन आठ दिवस झाले होते. शेवटच्या फडाचा ऊस गाळून संपला, गुळव्यानं काहील घासून पालथी घातली आणि आपलं बोचकं घेऊन तो गावाला गेला. कणशांचं गुऱ्हाळ दरवर्षी इथून पुढं आठ महिने झोपायचं. यंदा ते झोपलं नाही. चुलवाणाच्या उजव्या अंगाला, जिथं एरवी ढेपा रचत, तिथं ताडपत्रीखाली ॲल्युमिनियमच्या भंगाराचा पुरुषभर उंचीचा ढीग पडला होता. घरातल्या धाकट्या हंबीररावानं तो पुण्याकडच्या लष्करी डेपोच्या लिलावात घेतला, रेल्वेनं तारगावला आणला आणि तिथून तीन बैलगाड्यांत घालून उंब्रजला. घरात त्यानं एवढंच सांगितलं, "मोडकं जर्मल हाय. वितळवून कढया वतणार."

त्या दिवसापासून घरात कुणाचं चित्त ठिकाणावर नव्हतं. थोरला भाऊ नाथाजी दिवसातून तीनदा गुऱ्हाळाकडं जायचा, ताडपत्रीभोवती एक फेरी मारायचा आणि न बोलता परत यायचा. त्याची बायको रंगूबाई तव्यावर भाकरी करपवत होती. खुद्द हंबीरराव सहा वर्षं पलटणीत काढून आलेला, तोफेच्या आवाजाला न दचकणारा माणूस, पण कुणी बाईमाणूस ढिगाजवळ गेलं की लांबून ओरडायचा, "हात लावू नगा! कापंल!"

शेवटी नाथाजीनं सांगलीहून बहिणीला, बनुबाईला, बोलावणं धाडलं. काय तो सोक्षमोक्ष सगळ्यांसमोर व्हावा. ती सकाळच्या गाडीनं आली आणि जेवणं उरकून सगळे गुऱ्हाळातच बसले.

"आपल्या आज्यानं हितं गूळ केला, बापानं केला," नाथाजी म्हणाला. "अन् तू त्याच चुलवाणावर भंगार शिजवणार? गाव काय म्हणंल रं?"

"गाव कढई मागाय येईल, आबा." हंबीरराव चुलवाणाच्या कडेवर बसला होता. "लढाईत समदं जर्मल सरकारनं वडून न्हेलं. पितळ कुणाला परवडतंय? साध्या माणसानं शिजवायचं कशात? चुलवाण आठ म्हैनं गार पडून असतंय, चिपाडाचं जळण ढिगानं हाय."

"खरं हाय त्याचं," बनुबाई म्हणाली. "सांगलीत भांड्यांच्या दुकानांत फळ्या मोकळ्या पडल्यात. आमच्या गल्लीतलं दुकानदार म्हणालं, बाई, तुमचा भाऊ जेवढ्या वतील तेवढ्या आणा."

"पण जर्मलात आंबट टिकत न्हाई म्हणत्यात," रंगूबाई म्हणाली. "आमटी काळी पडती. अन् कुणाचं कसलं मोडकं सामान, आपल्या घरात कशाला?"

"वैनी, आमटी शिजवून लगेच काढून ठिवायची. एवढंच."

"तुला सगळं एवढंच," नाथाजी उसळला. "सा वर्सांनी आलास. शेतात हात घालशील म्हणलं तर ह्यो उद्योग! उद्या गाड्या जोड अन् हे जिथनं आणलंस तिथं टाकून ये."

हंबीररावानं मान वळवली. दाराशी, उंबऱ्याच्या आत, मधली भावजय साळूबाई बसली होती. तिच्यामागं तिची सून मनुबाई, डोक्यावरचा पदर दातात धरून.

"जागा मधल्या वैनीची हाय," हंबीरराव म्हणाला. "गेल्या वर्सी वाटण्या झाल्या तवा गुऱ्हाळ गुंडादादाच्या वाट्याला लिवलं. दादा न्हाई, म्हंजे त्येंचं. त्येनी सांगावं."

हे नाथाजीच्या ध्यानात नव्हतं असं नाही. पण विधवा भावजय, तिचा एकुलता पोरगा बेपत्ता. तिचं ते आपलंच, असं तो मनातल्या मनात धरून चालला होता.

साळूबाई कधी चारचौघांत बोलत नसे. तिनं ताडपत्रीकडं पाहिलं. "मला एवढं सांगा भावजी, हे कशाचं मोडल्यालं हाय?"

"सरकारी सामान हाय, वैनी. डिपोतलं."

"आता सामान म्हंजे," बनुबाई सहज म्हणून गेली, "इमानंच की! लढाईतली पडकी इमानं सरकार इकतंय. सांगलीत समद्यास्नी ठावं हाय."

बोलल्यावर तिला भावाचा चेहरा दिसला. मग नाथाजीचा. आपण काय केलं ते तिला कळलं नाही, पण काहीतरी केलं हे कळलं.

साळूबाई उठली.

*

तिचा लालासाहेब दोन वर्षांमागं जेठात बेपत्ता झाला. तो बंदूक चालवणारा शिपाई नव्हता. पहिल्याच पत्रात त्यानं लिहिलं होतं, आमची पलटण इमानातून रसद टाकती. खाली डोंगरात आपली माणसं वेढ्यात असत्यात. आमी उघड्या दारात उभं राहून तांदळाची पोती ढकलतो. आई, तुझा ल्योक ढगावरनं तांदूळ पेरतो. मनुबाईनं ते पत्र इतक्यांदा वाचून दाखवलं होतं की साळूबाईला ते तोंडपाठ झालं होतं. मग एक सरकारी कागद आला. विमान परत आलं नाही, शोध चालू आहे. त्यानंतर काही नाही. लढाई संपली, गावातली पोरं एकेक करून घरी आली. कुणी म्हणालं, ब्रह्मदेशात जपान्यांच्या कैदेत असतील. कुणी म्हणालं, त्या रानात माणसं वर्ष वर्ष वाट चुकतात. साळूबाईनं सगळं ऐकलं आणि सगळं खरं धरलं. मनुबाईचं कुंकू तिनं स्वतः रोज निरखून बघितलं.

तिनं ताडपत्रीची दोरी सोडली आणि एका झटक्यात ताडपत्री ओढली.

दुपारचं ऊन कौलांच्या फटीतून ढिगावर पडलं. वाकलेले पत्रे, फाटक्या नळ्या, माशाच्या काट्यासारख्या फासळ्या, रिबिटांच्या रांगा. काही पत्र्यांवर हिरवा रंग, काहींवर नुसतीच पांढरी चमक. पावसात, उन्हात पडून राहिलेलं सामान, पण पत्र्यांवर गंजाचा ठिपका नव्हता.

"वैनी, ऱ्हाऊ द्या," हंबीरराव पुढं झाला.

तिनं ऐकलं नाही. एक पत्रा उचलला, उलटा केला, बाजूला टाकला. दुसरा उचलला. काय शोधते आहे ते तिला सांगता आलं नसतं. एखादी चिंधी, पितळी बटण, पोत्याचा धागा. एका पत्र्यावर काळी अक्षरं होती.

"मने, हिकडं ये. काय लिवलंय बघ."

मनुबाई चौथी शिकलेली. तिनं पत्रा उजेडात धरला. "आत्ती, हे विंग्रजी हाय. मला येत न्हाई."

"आकडं तर वळखशील!"

"आकडंबी विंग्रजी हायती."

"तात्याला दाखीव मग." ती हंबीररावाकडं वळली. "भावजी, वाचा. माझ्या पोराच्या इमानाचा नंबर तुमाला ठावं आसंल. वाचा!" तिचं बोट कापलं होतं, रक्त मनगटावर आलं होतं. तिनं तिसरा पत्रा ओढला तसा अर्धा ढीग खडखडाट करत खाली आला.

"साळे, येड लागलं का?" नाथाजी ओरडला.

"वैनी," हंबीरराव म्हणाला, "ह्यात लालाचं इमान न्हाई."

"तुमाला कसं ठावं?"

त्यानं पायाशी घरंगळलेला पत्रा उचलून बाजूला ठेवला.

साळूबाईनं हातातला पत्रा खाली ठेवला. "भावजी, एवढी इमानं पडली. ह्यात त्येचं न्हाई हे तुमी कशावरनं म्हणता?"

*

नाथाजीला वाटलं, आता हा पोरगा बोलणार. त्यानं डोळे मोठे करून भावाकडं पाहिलं. घरातल्या लोखंडी ट्रंकेत, जमिनीच्या कागदांखाली, साताऱ्याच्या कचेरीतून आलेला दुसरा कागद होता. गेल्या कार्तिकापासून. तो त्यानं साताऱ्यातच एका कारकुनाकडून वाचून घेतला होता आणि मोटारीची वाट न बघता चालत निघाला होता. नागठाण्यापर्यंत चालला, मग पाय थकले म्हणून नव्हे, तर डोळ्यांना रस्ता दिसेना म्हणून एका विहिरीच्या काठावर बसला. लालाला त्यानं खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. गुंडा पटकीनं गेला तेव्हा पोर चार वर्षांचं होतं. घरी येऊन त्यानं रंगूबाईला सांगितलं आणि बजावलं, हंगाम होईस्तोवर तोंडातून ब्र काढायचा नाही. हंगाम झाला. मग पाडवा होऊ दे, म्हणाला. मधे मार्गशीर्षात हंबीरराव घरी आला तेव्हा कळलं की त्यालाही ठाऊक आहे. कागद निघाला तो त्याच्याच खबरीवरून.

"हंबीर," नाथाजी म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"न्हाई आबा. आता न्हाई." हंबीरराव साळूबाईसमोर जमिनीवर बसला. "वैनी, खाली बसा. मने, तूबी बस."

"मी हुबीच बरी," मनुबाई म्हणाली.

"आमची टोळी पडकी इमानं हुडकायची. गेल्या साली माघात एका डोंगराव चढलो. तिथलं डोंगरी लोक वाट दावत हुतं. इमान झाडीत पडल्यालं. दारावरचा नंबर मी वाचला. लालाच्या पलटणीतनं मी तो आधीच लिवून आणला हुता, खिशात ठिवला हुता. आत कुणी नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्यानं हात धरून न्हेलं मला. दगडांचे चार ढीग केलं हुतं त्येनी. वर फुलं ठिवल्याली, रानातली, सुकल्याली. म्हातारा म्हणाला, पडलं त्याच दिशी आमी पुरलं. त्येनं गळ्यातल्या चकत्या जपून ठिवल्या हुत्या. एक लालाची."

बाहेर गाडीला बांधलेला बैल मान झटकत होता तेवढाच आवाज.

"चार म्हैनं झालं तुमी घरात जेवताय," साळूबाई हळू म्हणाली. "माझ्या हातचं."

"व्हय."

"मी रोज म्हणत हुते, भावजी, त्या बाजूची काय खबर."

"व्हय, वैनी."

"अन् आबा?"

नाथाजीनं मान खाली घातली. "कागद माझ्यापाशी हाय. मीच दाबला. मला वाटलं... तुजी आस तरी ऱ्हावी."

"आस!" साळूबाई म्हणाली. तिनं पुढं काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं नाथाजीला पुढं किती दिवस वाटत राहिलं.

ती हंबीररावाकडं वळली. "इमानाचं काय केलंत?"

हाच प्रश्न त्याला नको होता. "कापलं. हुकूम हुता. दुसऱ्या टोळीला सांगतो, असं सायब म्हणाला. मी न्हाई म्हणलं. मीच कापलं, माझ्या हातानं. चौदा दिस लागलं. तुकडं डोकीवरनं खाली आणलं, मोटारीनं रेल्वेला, तिथनं कलकत्त्याला भट्टीत गेलं."

"कशापायी? त्या रानात पडलं असतं तर कुणाचं काय जात हुतं?"

"तेच मी इचारलं सायबाला. रागानं इचारलं." हंबीररावानं एक पत्रा मांडीवर घेतला. "तो म्हणाला, हवालदार, नवं जर्मल करायचं तर म्हाबळेश्वरावर जसा जांभा दगड हाय तसल्या दगडाचं डोंगर फोडाय लागत्यात. मग त्यातनं धातू काढाय एका शहराला पुरंल एवढी वीज. अन् हेच मोडल्यालं वितळवलं तर जिथं ईस गाड्या जळण लागतं तिथं एक गाडी पुरती. लोखंड गंजून माती हुतं, लाकूड कुजतं. ह्ये न्हाई कुजत. दहादा वितळवा, पन्नासदा वितळवा, धातू तसाच. ते टाकून देणं म्हंजे त्यात मेल्याली माणसं वाया घालवणं, असं म्हणाला. मला तवा पटलं न्हाई. कापता कापता पटलं."

"मग आता त्याचं काय झालं असंल?"

"भांडी झाली असतील. तिकडं दुस्काळानं लोकांनी भांडीसुदिक इकून खाल्ली हुती. कुणाच्या तरी चुलीवर असंल."

"भात शिजत असंल त्यात?"

"तिकडं भातच खात्यात, वैनी."

साळूबाई तोंडावर पदर घेऊन बराच वेळ बसली. रडली असेल तर आवाज आला नाही. बनुबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

*

रंगूबाईला रीत ठाऊक होती. ती उठून मनुबाईजवळ आली, तिचा हात धरला, दुसऱ्या हातात दारातला दगड घेतला. "चल पोरी. उशीर झालाच हाय. आता तरी देवाधर्मानं हुंदे."

मनुबाईनं हात सोडवला नाही. हिरव्या बांगड्यांकडं ती अशी बघत होती की जणू त्या दुसऱ्या कुणाच्या हातात आहेत.

"थोरल्या बाई, तो दगुड ठिवा," साळूबाई म्हणाली.

"अगं, पण—"

"माझ्या येळंला मला कुणी इचारलं न्हाई. मी बावीस वर्सांची हुते. चौघीजणींनी धरलं मला." ती उठून आली आणि रंगूबाईच्या हातातला दगड तिनं स्वतः काढून घेतला. "हिला चार म्हैनं तुमी मेल्याल्या नवऱ्याचं कुंकू लावू दिलंत, तवा रीत आठवली न्हाई? आता हिला काय करायचं ते ही सांगंल. मने, माहेराला जायाचं असंल तर मी स्वता पोचवीन. तुज्या बानं दुसरं घर बघितलं तरी माझी ना न्हाई. हितं ऱ्हायचं असंल तर ऱ्हा. काढायच्या असतील तर बांगड्या काढ, न्हाईतर नगं काढूस."

नाथाजी उठून उभा राहिला. कणशांच्या घरातली सून दुसरं घर बघणार, हे त्याच्या कानांना सोसण्यासारखं नव्हतं. पण साळूबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि तो कागद ट्रंकेत ठेवणारा माणूस पुन्हा खाली बसला.

मनुबाई ढिगापाशी गेली. एक पत्रा हातात घेऊन तिनं विचारलं, "तात्या, ह्ये वितळवायचं काम बाईमाणसाला जमंल का?"

हंबीररावाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "जमंल की. भाता मारायला, वाळू दाबायला ताकदीपरास हात निवांत लागतो."

"मला निवांत बसवत न्हाई," ती म्हणाली. "दोन वर्सं मी नुसती वाट बघत बसले. आता मला बसवत न्हाई."

साळूबाई नाथाजीकडं वळली. "आबा, गुऱ्हाळ माझ्या वाट्याचं. भट्टी हितंच लागंल. गुळाच्या हंगामात गूळ, बाकी ह्ये. अन् माझ्या वाट्यातलं निम्मं मनीच्या नावानं लिवायचं. उद्याच. ती कुठंबी गेली तरी तिचं."

"तलाठ्याकडं जायाचं म्हंजे—" नाथाजी चाचरला.

"मी येतो संगं," हंबीरराव म्हणाला.

"मीबी आता पंधरवडाभर ऱ्हाते," बनुबाई म्हणाली. सकाळी ती नाथाजीच्या बोलावण्यावरून आली होती. आता ती साळूबाईच्या शेजारी उभी होती, आणि रंगूबाईच्याही लक्षात आलं की आपण दारातून उचललेला दगड आता कुणाच्याच हातात नाही. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "बोट बांधून घे गं साळे. हळद आणते."

*

लिहिण्याचं काम दोन दिवसांत झालं, नाथाजीनं मान वर न करता अंगठा उठवला. भट्टीला मात्र आठवडा गेला. हंबीररावानं सगळा ढीग पसरला आणि दोघी सासवासुनांना धातू ओळखायला शिकवलं. लोखंडी बोल्ट छिन्नीनं तोडून बाजूला. चाकांचा काही भाग दिसायला तसाच, पण उचलला तर पिसासारखा हलका. तो अजिबात घ्यायचा नाही, भट्टीत पडला तर पांढरा पेट घेतो आणि पाण्यानं विझत नाही. साळूबाईचे हात पहिल्या दिवशी प्रत्येक तुकड्यावर थांबत होते. तिसऱ्या दिवशी ते भराभर चालायला लागले.

पहिला ओत वाया गेला. वाळू ओली राहिली होती. रस साच्यात पडताच फुसफुसला आणि कढईऐवजी मधमाश्यांच्या पोळ्यासारखं काहीतरी निघालं. नाथाजी दारात उभा राहून बघत होता. तो काही बोलेल म्हणून सगळे थांबले. तो म्हणाला, "वाळू उन्हात टाका रं एक दिस," आणि निघून गेला. संध्याकाळी तोच नदीवरून कोरड्या वाळूच्या दोन पाट्या घेऊन आला.

दुसऱ्या ओताला हंबीररावानं मुशीवरची राख बाजूला सारली. खाली रस होता, पाऱ्यासारखा, त्यात भट्टीचा जाळ हलत होता. मनुबाई भाता मारत होती. तिनं बांगड्या परवा आपण होऊन काढून ठेवल्या होत्या, कुणाला न सांगता. कुंकू पुसलं नव्हतं.

रस ओतला. फुसफुसला नाही. थांबून, वाट बघून हंबीररावानं साचा फोडला आणि वाळूतून एक जाड, ओबडधोबड, एका कानाची कढई निघाली.

"दुसरा कान कुठं गेला?" बनुबाईनं विचारलं, आणि रंगूबाईला हसू आलं, आणि मग सगळ्यांनाच.

मनुबाई पुढं झाली. कढई निवल्यासारखी दिसत होती. जर्मल लाल होत नाही, गरम आहे की गार हे रंगावरून कळत नाही. हंबीररावानं हे तिला दहा वेळा सांगितलं होतं. तिनं वाळू झटकायला हात लावला आणि तोंडातून किंकाळी फुटली.

"आगं माझ्या आये!"

दोन बोटं भाजली होती. ती मटकन खाली बसली, हात छातीशी धरला आणि रडायला लागली. आधी हुंदके, मग आवाज, मग असा आवाज की वाटेवरचे लोक गुऱ्हाळाच्या दाराशी थांबले. भाजलं तर होतंच, पण दोन बोटं भाजल्यावर कुणी असं रडत नाही.

रंगूबाई कोरफड आणायला धावली. हंबीरराव पाण्याचा तांब्या घेऊन वाकला. साळूबाईनं त्याला हातानं थांबवलं. ती सुनेशेजारी राखेत बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि दारातल्या माणसांकडं वळून म्हणाली, "काय न्हाई झालं. पोरीला भाजलं. जावा तुमी."

मग ती खाली वाकली. "रड बाई," ती म्हणाली. "लय भाजलंय. रड."